दुसरी वाटी

बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत घरात कुणाला काही सांगायचं नाही, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. आणि रविवारी जेवणानंतर सासूबाईंनी नेमकं चॉकलेट मूस पुढ्यात ठेवलं. त्यात कच्चं अंडं फेटून घालतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. नको म्हणावं तर प्रश्न येणार, खावं तर हात पुढे होईना.

"पोट जरा जड वाटतंय," मी पुटपुटले.

सासूबाईंनी माझी वाटी सासऱ्यांपुढे सरकवली आणि ओट्यावर झाकून ठेवलेली दुसरी वाटी आणून मला दिली. कस्टर्ड होतं.

"हे खा. यातलं अंडं चांगलं शिजलंय."

"सुनेचे वेगळे लाड चाललेत," सासरे म्हणाले.

"तुम्हाला दोन वाट्या मिळाल्यात ना? मग तोंड खाण्यापुरतंच उघडा."

नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. फोडलं कुणी?

भांडी आवरताना मी हळूच म्हणाले, "आई, आम्ही तर अजून कुणाला काहीच बोललो नव्हतो."

त्या हसू दाबत वाटी विसळत राहिल्या. "मग मी तरी कुठे काही बोलले? कस्टर्डच तर केलं."