सात वर्षांचे फौजदार

जुईचा धाकटा भाऊ अजून पळवणाऱ्याच्या तावडीत होता आणि सुटून आलेली सात वर्षांची जुई पोलीस ठाण्यातल्या टेबलाखाली बसून तोंड उघडत नव्हती. पोलिसांना तपास शिकवणाऱ्या तोडकरबाईंनी शेवटी मुलांचं मन कळावं म्हणून बनवलेली नवी टोपी फौजदार ढोण्यांच्या डोक्यावर चढवली. झालं! तो मिशाळ गडी तासाभरासाठी आतून सात वर्षांचा झाला आणि रांगत टेबलाखाली शिरला. आधी कुजबुज, मग चक्क खिदळणं.

"कळलं ना, ढोणे? पत्ता सांगा!" बाई वाकून म्हणाल्या.

"नाही. मोठ्यांना सांगायचं नाही, आईशप्पथ घेतलीय."

"अहो, तासभर थांबलो तर पोर जिवानिशी जाईल!"

फौजदार घळाघळा रडले, पण ओठ घट्टच.

बाईंनी स्वतःसाठी दुसरी टोपी उचलली.

"बाई," ठाण्याचे साहेब कळवळले, "जुई तुम्हालाही शपथ घालेल. मग आम्हाला कोण सांगणार?"