बाहेरची कडी

"इतके स्वच्छ संडास मी कुठल्याच छावणीत पाहिले नाहीत," मी खुशीत म्हणाले. तपासणीत पहिल्यांदाच नाकाला रुमाल लावावा लागला नव्हता.

सोबतची निर्वासित आजी हसली नाही. "आत जाऊन बघ, पोरी."

आत लादी कोरडीठाक होती आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. इथं कुणी येतच नसावं. तेवढ्यात माझ्यामागे दार आपटलं आणि बाहेरून कडी सरकली. मी अंधारात दारावर हात फिरवला. आतून कडी नव्हतीच.

"आजी!" पत्र्यापलीकडे कुणीतरी उभं होतं. मी दार बडवत किंचाळले.

कडी निघाली. समोर आजीच होती.

"सगळ्या दारांना कड्या बाहेरूनच बसवल्यात," ती म्हणाली. "माझी नात अशीच ओरडली, तेव्हा बाहेर मी नव्हते."