लक्षात राहील असं प्रेत

ईस्टरच्या सुट्टीत अख्खं नॉर्वे खूनकथा वाचतं, म्हणून गुडनीला चार दिवसांत कादंबरीतला एक माणूस मारायचा होता.

संपादक आयविंद फोनवर म्हणाला, "तुझं प्रेत फार मिळमिळीत आहे गं. त्याला एखादी इच्छा दे, म्हणजे वाचकाच्या लक्षात राहील."

तिने लिहिलं, 'त्याला जगायचं होतं.' मग त्याच्यावर सुरीचे अकरा वार केले.

सकाळी पाहते तर पुढच्या ओळीत तो उठून बसलेला. तिने कुऱ्हाडीने त्याची कवटी फोडली. जेवून आली, तर तो कुऱ्हाड पुसत होता.

वैतागून तिने आहे तसाच मजकूर पाठवून दिला.

"आता जिवंत वाटतो," आयविंद म्हणाला. "फक्त शेवटच्या पानावर तो तुझ्याच घराचं दार फोडतो, ते जरा अतीच होतं."

गुडनीने शेवटचं पान अजून लिहिलंच नव्हतं.