दोन खाटांची फेरी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी यमुनाबाई उठल्या. हात धुऊन त्यांनी आधी मुलाच्या आणि मग सुनेच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. सून सरला दचकून जागी झाली. वर्तन-परिवर्तनाच्या अभ्यासक्रमातल्या अंतिम प्रात्यक्षिकासाठी घरी आलेल्या विद्यार्थिनी मृण्मयीने दारातूनच वेळ टिपून घेतली.

तिच्याजवळची पट्टी कपाळावर चिकटवली की नको असलेली सवय अर्ध्या तासात कायमची पुसली जाई. सरलाने अर्जात सासूबाईंचे नाव लिहिले होते.

“आजी, ही सवय तुम्हाला नकोशी झाली आहे का?” मृण्मयीने विचारले.

“छे ग. बत्तीस वर्षं वॉर्डात पहाटेची फेरी मारली. आता दोनच खाटा उरल्यात. त्याही काढून घेणार?”

सरलाने अर्जावरच्या नावाकडे पाहिले. मग म्हणाली, “ताई, त्यांची फेरी राहू दे. त्याऐवजी माझं दचकणं पुसता येईल?”

“येईल की.”

“अगं, पण माझ्यापायी तुला कशाला…”

“तुम्ही खुशाल तपासा, आई. पेशंट झोपून राहील.”

यमुनाबाईंनी घट्ट धरलेला पदर सोडला. मृण्मयीलाही हायसे वाटले. तिने अर्जावरचे नाव खोडून सरलाचे लिहिले आणि पट्टी अलगद तिच्या कपाळावर चिकटवली.