खोकल्यातला आवाज

सुनेनं तोंड मिटलं ते नेमकं घरात माणूस आजारी असताना, याचा साळुबाईला राग होता. अश्विनीचा आवाज गेला होता. ओठ हलायचे, वारं बाहेर यायचं, शब्द नाही. ताप नाही, घसा दुखत नाही, भाकरी नीट गिळते. सगळं जिथल्या तिथं, फक्त बोलणं गायब.

"काम चुकवायच्या लई तऱ्हा बघितल्यात मी," साळुबाई गोठ्यातून ओरडायची. "पण काम सगळं करायचं आन् बोलायचं तेवढं न्हाई, ही तऱ्हा घोडेगावचीच असंल."

घोडेगाव म्हणजे अश्विनीचं माहेर.

खोळंबा व्हायचा तो हौशीरामाचा. साळुबाईचा हा नवरा हृदयाचं ऑपरेशन करून पुण्याहून डिंगोऱ्याला परत आला होता आणि पडवीतल्या कॉटवर पडून असायचा. मोबाईलमधलं त्याला काही कळत नव्हतं. चहा झाला की तो सुनेला हाक मारायचा, "अश्विनी, नूतनला लाव." नूतन त्याची लेक, येडगावला दिलेली. आवाज होता तोवर अश्विनी फोन कानाला लावायची आणि सांगायची, "मामा, ताई उचलत न्हाईत. कामात असत्याल."

एक दिवस हौशीराम म्हणाला, "माझ्यावर रुसली का गं ती? दवाखान्यात एकदा आली, परत फिरकली न्हाई. तुझं तिचं लई गुळपीठ. तुला बोलली असंल. काय म्हणाली, सांग."

सांगायला अश्विनीनं तोंड उघडलं आणि नुसतं वारं आलं. तेव्हापासून आवाज नाही.

साळुबाईनं हळदीचं दूध पाजलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, दृष्ट काढली. मग ठरवलं. आळेफाट्याच्या डॉक्टरला दाखवायचं, त्यानं काही नाही म्हटलं की सुनेला तिथूनच माहेरच्या गाडीत बसवायचं. सोंग संपलं की ये म्हणावं. पिशवी तिनं स्वतः भरली. मुलगा चाकणला कंपनीत होता. त्याला विचारायची तिला गरज वाटली नाही.

घशाची डॉक्टर बाई निघाली, तीही तरुण. तिनं अश्विनीच्या घशात दुर्बीण घातली. आतलं सगळं पडद्यावर दिसलं. "स्वरयंत्र चांगलं आहे," ती म्हणाली. "सूज नाही, गाठ नाही." मग अश्विनीला म्हणाली, "जरा खोका."

अश्विनी खोकली. खणखणीत.

साळुबाई उठून उभीच राहिली. "ऐकलं का! खोकायला आवाज हाय आन् बोलायला न्हाई! सापडली का न्हाई लबाडी?"

"बसा, आजी. लबाडी नाही ही. ताणानं कुणाचं पोट बिघडतं, कुणाच्या छातीत धडधडतं. हिचा आवाज अडकलाय. तिच्या हातात असतं तर ती बोललीच असती. घरात काही झालंय का?"

"काय व्हायचंय? काय न्हाई झालं."

अश्विनीच्या डोळ्यांना धार लागली. साळुबाई बंद पडद्याकडे बघत बसली. मग तिकडंच बघत म्हणाली, "माझी लेक गेली. नूतन. डेंग्यूनं. तवा हे पुण्याला आयसीयूत व्हते."

हौशीरामाला सांगितलं नव्हतं. दहावा येडगावलाच उरकला होता. साळुबाईनं सगळ्या आळीला दम भरला होता. भेटायला आलेल्या बायकांना तिनं फाटकातूनच मागं वळवलं. घरात कुणी रडायचं नाही, फार झालं तर उसात जायचं. तीही उसातच जाऊन आली होती. म्हातारा रोज लेकीला फोन लावायला सांगतो, हेही तिनं डॉक्टरला सांगून टाकलं.

"आणि रोज फोन हीच लावायची? कुणाला?" डॉक्टरनं विचारलं.

"कुणाला म्हंजे? लागत न्हाई त्या नंबरला." साळुबाई चिडली. "म्हाताऱ्याचं मन ऱ्हायला नको?"

"त्यांना कळू देऊ नका, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"त्यांना कशाला इचारू? घर माझंय."

डॉक्टरनं तिथूनच पुण्याला फोन लावला. बोलणं लांबलं नाही. आता सांगायला हरकत नाही, गोळ्या चालू असू द्या, जवळ बसून सांगा, असा निरोप आला. तिनं अश्विनीला आवाजाचे व्यायाम दाखवले, मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. "आवाज येईल," ती साळुबाईला म्हणाली. "पण घरात हे असंच चाललं तर उशीर लागेल."

फाट्यावर माहेरच्या बाजूची एसटी उभी होती. अश्विनीनं मुकाट्यानं पिशवी उचलली. साळुबाईनं ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि ओतूरकडच्या जीपमध्ये टाकली.

जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. पिशवी साळुबाईनं स्वतःच्या मांडीवर घेतली.

घरी हौशीराम चहासाठी थांबला होता. "काय म्हणाली डॉक्टर?"

साळुबाई त्याच्या कॉटवर बसली. एरवी ती तिथं बसायची नाही. "दुपारची गोळी घेतली का?" तिनं विचारलं आणि त्याचा हात हातात धरला.

"घेतली. हात कशाला धरतीयास? सोड, चहा टाक. आन् तिला म्हणावं, नूतनला लाव."

अश्विनीनं खिडकीतला फोन घेतला. नंबर काढला.

"ठिव त्यो फोन," साळुबाई सुनेला म्हणाली. नवऱ्याचा हात तिनं सोडला नाही. "ये, हितं आमच्या दोघांपुढं बस. आन् रड. चांगला गळा काढून रड, अश्विने. तुझी नणंद गेलीया, कोंबडी न्हाई मेली."