चढणाऱ्याला आधी वाट

सेवेरोने ट्रक जागच्या जागी थांबवला, दोनदा हॉर्न दिला आणि हाताची घडी घालून बसून राहिला. समोरच्या वळणावर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट लादलेला एक जुना निळा ट्रक उतरता उतरता थबकला होता. रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी.

मागे वीस पावलांवर गाडी बाजूला घ्यायला ऐसपैस जागा होती. सेवेरोला ती आरशात दिसत होती. पण युंगासच्या या घाटात चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने मागे जायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी सकाळपासून त्याने तिघांना वाट दिली होती. तिघंही उतरणारे, तिघंही आडमुठे. एक तर जाता जाता दात काढून हसला होता. संत्र्यांनी भरलेला ट्रक तीनदा मागे घेऊन सेवेरोची मान आखडली होती. आता बस्स झालं.

निळ्या ट्रकच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं.

"उस्ताद, जरा मागे घेता का? माझ्या मागची जागा लांब आहे हो. दोन वळणं वर."

"चढतंय कोण? तुम्ही की मी?"

"तुम्हीच."

"मग झालं तर. नियम काय मी केलाय?"

म्हातारा वाद घालायला थांबला नाही. शेजारी बसलेल्या मुलीशी तो काहीतरी बोलला. विशीतली, दोन लांब वेण्यांची मुलगी खाली उतरली आणि ट्रकच्या मागे जाऊन हाताने खुणा करू लागली. "या बाबा, या... डोंगराकडे दाबा... या, या..."

दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. दरीकडची कड पिठासारखी झाली होती. पहिलं वळण पार पडलं. तरतरी राहावी म्हणून सेवेरोने गालात कोकाची ताजी पानं धरली आणि तो इंचाइंचाने पुढे सरकत राहिला. म्हाताऱ्याचं मन पालटू नये म्हणून त्याने मध्ये जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या वळणावर मागच्या चाकाखालची कड खचली. निळा ट्रक मांडी घालून बसल्यासारखा सावकाश एका बाजूला कलला, आणि मग तिथे नव्हताच. "या" म्हणत उचललेला मुलीचा हात तसाच वर राहिला. खालून बाटल्या फुटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

दुपारी पोलीस आले. दोर लावून चौघं खाली उतरले आणि म्हाताऱ्याला घोंगडीत बांधून वर घेऊन आले. सार्जंटने सेवेरोच्याच ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरला.

"चढत कोण होतं?"

"मी."

"मग तुझा काही संबंध नाही. इथे सही कर." मग तो मुलीकडे वळला. "नाव?"

"एर्मिंदा."

"खुणा तूच करत होतीस ना? चाक कडेला आलेलं दिसलं नाही तुला?"

"मी बघत होते. मी या म्हटलं, म्हणून ते आले."

सार्जंटने काहीतरी खरडलं. सेवेरोने हातातलं पेन खाली ठेवलं.

"साहेब, माझ्या मागे जागा होती. वीस पावलांवर."

"बरं, मग?"

"ते लिहा."

"कुठे लिहू? तसा रकानाच नाही यात." सार्जंटने पेन पुन्हा त्याच्या हातात दिलं. "हक्क तुझा होता, उस्ताद. उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. दोन्हीकडे गाड्या खोळंबल्यात. सही कर आणि नीघ."

सेवेरोने सही केली.

एर्मिंदा घोंगडीपाशी बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने शिव्या द्याव्यात, दगड उचलावा, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं.

"पोरी, ती जागा..."

"बाबांना दिसली होती," ती म्हणाली. तिने मानही वर केली नाही. "मी म्हटलंसुद्धा, की भांडा त्याच्याशी. तर म्हणाले, दमलेला दिसतोय बिचारा, जाऊ दे."

सेवेरो ट्रकमध्ये येऊन बसला. खचलेल्या जागेवरून त्याने डोंगराला आरसा घासत गाडी काढली आणि चढ धरला.

बातमी त्याच्या आधी वर पोचली होती. संत्र्यांचा ट्रक लांबून दिसला, की उतरणाऱ्या गाड्या आपणहून मागे जात होत्या. हॉर्न नाही, हुज्जत नाही. बाजूला उभं राहून ड्रायव्हर त्याला वाट देत होते आणि तो शेजारून जाताना भलतीकडे बघत होते. एरवी हात वर करून रामराम करायची या घाटाची रीत. आज एकाचाही हात उठला नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर डोंगराच्या पोटात एक रुंद खोबण आली. सेवेरोने ट्रक तिच्यात घातला आणि इंजिन बंद केलं. वरून एक मिनीबस येत होती. माणसांनी भरलेली, टपावर गाठोडी. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हात हलवला.

"या! तुम्ही या आधी! मी थांबलोय!"

मिनीबस थांबली. क्षणभर काचेआडून ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. मग एक बाई लगबगीने खाली उतरली, गाडीच्या मागे गेली आणि खुणा करू लागली.

"थांबा!" ओरडत सेवेरोने हॉर्न दाबून धरला. मिनीबस दरीच्या कडेकडेने मागे मागे जात राहिली.