शेवटचं पोतं

“पिसाळली! मांजर पिसाळली! काठी आना रे!” गोदाबाई ओट्यावर चढून ओरडल्या.

अंगणात कबरी गोल गोल फिरत होती. पंजानं स्वतःच्याच तोंडावर फटके मारत होती, आणि हनुवटीवरून लालसर लाळ गळत होती. दारात कापसाची गाडी उभी होती. विलायतेला कापूस कमी पडला म्हणे, आणि बार्शीटाकळीच्या शेतकऱ्यांचे दिवस एका हंगामात पालटले! बैलांच्या शिंगांवरही यंदा चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. तिकडे अकोल्याचा बाजार भरत आला होता आणि इथे गाडी अडली होती ती एका दाभणापायी.

पोती शिवायचा दाभण सकाळपासून सापडत नव्हता. व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून कापूस पाहतो. त्याच्या हातात दाभण घुसला, की घराण्याची अब्रू गेलीच म्हणायची. “सुनेनंच पाडला पोत्यात! माह्यासारखं धाग्याले तूप लावत जा म्हनलं, म्हंजे दाभन अडकत नाही. ऐकते कोन?” असा निकाल गोदाबाईंनी केव्हाच देऊन टाकला होता. आता शिवलेली सगळी पोती उसवायची, आणि त्याच गाडीनं अकोल्याला माहेरी निघालेल्या सत्यभामेनं घरीच राहायचं. बिचारी नवं लुगडं नेसून मघापासून डोळे पुसत होती.

सासरे खुशालराव काठी घेऊन धावत आले. “सरक पोरी! चावली तं जीव जाईन तुह्या.”

“थांबा मामाजी! पिसाळलेलं जनावर पान्याले भेते. हे तं पानी प्याले पाहून राहिली!”

कबरी खरंच बैलांच्या पाण्याच्या डोणीवर चढून तोंड बुचकळत होती. खुशालरावांची काठी वरच्या वर थांबली. तेवढ्यात सत्यभामेनं रिकामं पोतं उचललं आणि थेट झेप घेतली! कबरीला पोत्यात घट्ट गुंडाळून मांडीवर घेतलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं. जबड्याच्या कोपऱ्यात बोट दाबलं तसं तोंड उघडलं. आत, गालात रुतलेलं काहीतरी चमकलं. दातांतून धागा लोंबत होता.

“दाभन! मामाजी, दाभन सापडला!”

“ओढ थो धागा!” गोदाबाई ओट्यावरूनच म्हणाल्या.

“नोको, आत्याबाई! धागा ओढला तं अजून आत घुसन.”

तिनं दाभणच चिमटीत धरला आणि शिरला त्याच वाटेनं अलगद मागे घेतला. कबरी किंचाळली, सत्यभामाही किंचाळली, आणि दाभण धाग्यासकट बाहेर आला! खुशालरावांनी काठी फेकून दिली आणि चुलीवरचं कोमट पाणी वाटीत मीठ घालून स्वतः आणलं. घरात कधी पाण्याचा तांब्याही न उचलणारा माणूस! सत्यभामेनं त्या पाण्यात फडकं भिजवून जखम पुसली, रक्त थांबेपर्यंत दाबून धरली आणि मग दाभण धुवायला वाटीत सोडला.

पाण्यावर पिवळे पिवळे थेंब वर आले. तुपाचे.

सत्यभामेनं मान वर करून ओट्यावरच्या सासूकडे पाहिलं. आता बोलावं, चांगलं खडसावून बोलावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

“कोनाच्या हातून पडला असन व हा?” खुशालरावांनी वाटीकडे बघत विचारलं.

“कबरीनंच चोरला असन, मामाजी,” सत्यभामा म्हणाली.

गोदाबाई ओट्यावरून खाली उतरल्या. वाटीतला दाभण काढून त्यांनी पदराला पुसला आणि शिवायच्या राहिलेल्या शेवटच्या पोत्यापाशी बसकण मारली. दाभण त्यांनी सुनेपुढे धरला.

“घे, धागा ओवून दे मले,” त्या म्हणाल्या. “कोरडाच ओव.”